मुंबईचा नंबर, कोकणातलं घर: बाबांचं सिम पोर्ट करावं का?

जांभा_दगड

नमस्कार मंडळी,

आई-बाबा निवृत्तीनंतर संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला गेलेत. मी मुलुंडला. बाबांचा नंबर मुंबईचा, पोस्टपेड, ऑफिसात असल्यापासूनचा. पेन्शनची बँक, आधार, गॅस, वीजबिल, सगळं त्या एका नंबरावर. आणि घरात नेमकी त्याच कंपनीची रेंज नाही. माजघरात शून्य, पडवीत एक काडी, मागल्या दारी न्हाणीजवळ दोन. बाबांनी तिथल्या खिडकीच्या गजाला दुधाच्या रिकाम्या पिशवीत फोन टांगून ठेवलाय, पावसाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. काही मेसेज यायचा असला की आई मागल्या दारी जाऊन पिशवी बघून येते.

परवा सिलिंडरवाला दारात उभा, डिलिव्हरीचा कोड मागतोय, कोडाचा पत्ता नाही. त्याला पुढे चार वाड्या करायच्या होत्या, तो सिलिंडर परत घेऊन गेला. मी इकडून फोन लावतोय तर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’.

नंबर बदलायला बाबा तयार नाहीत आणि मलाही ते पटतं, एवढ्या ठिकाणी बदलत कोण बसणार. मग पोर्ट, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, हाच मार्ग ना? पण नंबर मुंबईचा आणि राहणं रत्नागिरी जिल्ह्यात, हे जमतं का? कुठून करायचं? मधल्या काळात बँकेचे ओटीपी बंद पडतात का?

एक विनंती, आपल्याला छळणाऱ्या कंपन्यांची नावं नकोत. मागच्या अशाच धाग्यावर दोन पानं नुसती हाणामारी झाली होती.

सदाशिव_पेठी

घरात कुठल्या कंपनीची रेंज येते हे तपासलंय का? ‘शेजाऱ्यांकडे चालतं’ हा पुरावा होत नाही. कोकणात शेजाऱ्यांचं घर चढावर असतं आणि तुमचं पऱ्ह्याच्या कडेला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे कंपन्यांना आता आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात, ते बघा. मात्र नकाशा गावाला रंग लावतो, तुमच्या जांभ्याच्या भिंतींना नाही. ज्या कंपनीकडे जायचंय तिचं कुणाचं तरी सिम बाबांच्याच फोनात घालून माजघरात बसून फोन लावून बघायला सांगा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

वऱ्हाडी_ठेचा

कायले पोर्टच्या भानगडीत पडता भाऊ? फोनात दोन सिमची जागा असते. दुसऱ्या कंपनीचं सिम टाका, जुन्याचे कॉल नव्यावर फॉरवर्ड करा, झालं काम.

मिरची_भजी

ठेचाभाऊ, कॉल फॉरवर्ड होतात, एसएमएस होत नाहीत. त्यांचं दुखणं कोडाचं आहे.

वऱ्हाडी_ठेचा

हां, हे बराबर. मग करा पोर्ट.

माजी_लाइनमन

जांभा, टेलिफोन खात्यात आयुष्य गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे मोबाइल सेवेचे दोन विभाग, म्हणजे सर्कल, आहेत. मुंबई, नवी मुंबई, ठाणे हे एक. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर सुरू झाली २० जानेवारी २०११ ला, पण तेव्हा सर्कलच्या आतच बदलता यायची. सर्कल ओलांडून पोर्ट करायची मुभा ३ जुलै २०१५ पासून आली. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, जमतं. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलून पाच. रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाहीत, म्हणून गणपतीच्या तोंडावर अर्ज टाकू नका.

आता यातली खाचाखोच. मुंबई सर्कलचं सिम गावातल्या टॉवरवर चालतंच. त्यामुळे खासगी कंपनीकडे जायचं असेल तर बाबा मुंबईला आले की मुलुंडच्याच दुकानात पोर्ट करा. सर्कल बदलत नाही, दोन दिवस वाचतात, आणि तुम्ही सोबत असता. बीएसएनएलकडे जायचं असेल तर मात्र गावाकडच्या ग्राहक सेवा केंद्रात जा. तिथे सर्कल बदलून महाराष्ट्राचं होईल, नंबरातला एक आकडाही बदलणार नाही.

सुरुवात एसएमएसने होते. बाबांच्या सिमवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि पाठवायचं १९०० ला. उलट आठ अक्षरी कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, तिथे केवायसी आणि फोटो झाला की नवं सिम मिळतं. जुनं लगेच काढू नका, ते चालू राहतं. बदल होणार ती तारीख आणि वेळ मेसेजने कळते, सहसा रात्रीची असते. त्या वेळी काही तास फोन मुका होतो. जुन्या सिमची रेंज गेली की नवं घालायचं.

१६ डिसेंबर २०१९ पासून नियम असा आहे की पात्रतेची तपासणी कोड देण्याआधीच होते. त्या कंपनीत ९० दिवस झालेत का, पोस्टपेडचं बिल थकलंय का, नावबदलाचा अर्ज अडकलाय का, हे सगळं तिथेच बघतात. म्हणजे कोड आला की निम्मी लढाई संपली. आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर १ जुलै २०२४ पासून सात दिवस कोड मिळत नाही. हे चोरांसाठी आहे. कुणाच्या तरी नावाने डुप्लिकेट सिम काढायचं आणि लगेच नंबर दुसरीकडे पळवायचा, असे प्रकार व्हायचे.

जांभा_दगड

लाइनमनकाका, खूप आभार. बाबांना खासगी चालेल, पण आमच्या वाडीत बीएसएनएलचा टॉवर समोरच्या डोंगरावर दिसतो म्हणून त्यांचा ओढा तिकडे आहे. ‘दिसतो म्हणजे पोचतो’ असं त्यांचं म्हणणं.

एसएमएस माझ्या फोनवरून नाही का चालणार?

माजी_लाइनमन

नाही, त्याच सिमवरून जायला हवा. संगमेश्वर स्टँडवर रेंज असेल ना? बाजाराच्या दिवशी तिथून टाकायला सांगा. बाबा पोस्टपेड आहेत म्हणून अडचण नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. स्वस्तातल्या रिचार्जात एसएमएस नसतात म्हणून १९०० ला मेसेजच जात नाही, अशी ओरड होती. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने सगळ्या कंपन्यांना बजावलं, रिचार्ज कितीचाही असो, १९०० चा मेसेज गेलाच पाहिजे.

आणि हो, मेसेज टाकला की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतील. बाबांना सांगून ठेवा. ‘सर, आम्ही तुम्हाला खास योजना देतो’ वगैरे. गोड बोलतात.

मिरची_भजी

जांभादादा, त्याआधी एक गोष्ट बघा. ‘ऑफिसात असल्यापासूनचा’ म्हणालात, तर नंबर नक्की बाबांच्या नावावर आहे ना? ऑफिसच्या नावावर असेल तर ऑफिसचं पत्र लागतं, त्याशिवाय हलत नाही.

आमच्याकडे सासऱ्यांच्या नावावरचा नंबर सासूबाई वापरायच्या. सासरे गेले, पुढे वर्षभर कुणाच्या डोक्यातही आलं नाही की सिम कुणाच्या नावावर आहे. पोर्ट करायला दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या, फोटो लागतो. सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग आधी मृत्यूचा दाखला देऊन नंबर सासूबाईंच्या नावावर केला, ते होईपर्यंत कोड नाही, मग पोर्ट. त्या पोराचा काही दोष नव्हता, पण घरात ज्यांचे ज्यांचे नंबर वडीलधाऱ्यांच्या नावावर आहेत त्यांनी ते जिवंतपणी आपल्या नावावर करून घ्यावेत. बोलायला वाईट वाटतं, पण घ्यावेत.

सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. आम्हाला तिथे एक तिसराच नंबर सापडला, तोही तिथूनच ‘माझा नाही’ म्हणून कळवला.

जांभा_दगड

मिरचीताई, चांगलं विचारलंत. बिल काढून बघितलं, बाबांचंच नाव आहे. निवृत्तीच्या वेळी ऑफिसने नावावर करून दिलेला. आईचा नंबरही बाबांच्याच नावावर आहे हे मात्र आत्ता कळलं. 😀

फोंडेकार

आमचं गोवा पण तुमच्याच सर्कलात, म्हणून लिहितो. आईंचा आणि बाबांचा हँडसेट कुठला? इथे बरेच जण फसतात. जिओकडे पहिल्यापासून टूजी-थ्रीजी नाहीच, सगळं फोरजी आणि वर. त्यामुळे साधा जुना बटणांचा फोन असेल तर त्यात ते सिम चालणारच नाही, फोरजीवाला बटणांचा फोन घ्यावा लागेल. आमच्या मावशीला नवा फोन दिला तर ‘याचं लाल बटण कुठे गेलं’ म्हणून दोन महिने ऐकवत होती.

बीएसएनएलचं उलट आहे. टूजीवर साधा फोन चालतो. पण फोरजी घ्यायचं तर आधी सिम फोरजीचं हवं आणि हँडसेटला त्यांचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, पकडता यायला हवेत. ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर फोरजी देतात. ७०० म्हणजे बँड २८. काही वर्षं जुन्या स्वस्त फोनांत हा बँड नसतो. कोकणात आणि आमच्याकडे हाच कामाचा, कारण कमी फ्रीक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतींतूनही जास्त आत येते. फोनचं मॉडेल टाकून बँड शोधा, मगच ठरवा.

जांभा_दगड

फोंडेकार, हे डोक्यातच नव्हतं. बाबांचा स्मार्टफोन आहे, शोधला, बँड २८ आहे. आईचा बटणांचा, टूजी. म्हणजे दोघांना एकच औषध लागू होईलच असं नाही.

कट्टर_ग्राहक

सरकारी कंपनीकडे कुणी जाता का आजच्या काळात? मुलाने बापाला नीट सल्ला द्यावा.

वऱ्हाडी_ठेचा

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एका आठवड्यात दर चढवले, २३९ चा रिचार्ज एका फटक्यात २९९ चा झाला, तवा तुमच्यासारखेच लोक रांगा लावून सरकारी सिम घेत होते. आमच्या चौकात मंडप टाकून वाटत होते.

कट्टर_ग्राहक

मी रांगेत नव्हतो.

सदाशिव_पेठी

मुद्द्यावर या. दर हा वेगळा विषय, धागा रेंजचा आहे. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी सप्टेंबर २०२५ मध्ये अधिकृतपणे सुरू झालं, त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून मत बनवू नका आणि कालच्या जाहिरातीवरूनही बनवू नका. त्या माजघरात काय येतं तेवढंच बघा.

आणि फक्त स्वस्त पडतं म्हणून पोर्ट करणाऱ्यांसाठी: प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि वैधता नव्या कंपनीत येत नाही. वर्षभराचं रिचार्ज मारून तिसऱ्या महिन्यात पोर्ट करणारे लोक मी पाहिलेत. नंतर तावातावाने ‘माझे पैसे गेले’ म्हणतात.

मीटर_चालू

घरी फायबर आहे का? असेल तर पोर्टची गरजच नाही. वायफाय कॉलिंग चालू करा, टॉवर नसला तरी घरच्या वायफायवरून कॉल येतात, त्याच नंबरावर. फोनच्या सेटिंगमध्ये असतं, फुकट असतं. हँडसेट आणि कंपनी दोघांचा पाठिंबा हवा एवढंच. घाटातल्या आमच्या बंगलीवर असंच चालतं.

जांभा_दगड

फायबर रस्त्यापर्यंत आलंय, वाडीत नाही. केबलवाला म्हणतो पाच घरं तयार झाली तर खाली ओढतो. आमचं धरून तीन झालीत. उरलेल्यांतली दोन घरं वर्षातून गणपती आणि शिमग्यालाच उघडतात.

मीटर_चालू

मग राहू द्या. शिवाय लाइट गेली की राउटर बंद आणि वायफाय कॉलिंगही बंद. पुढेमागे घेतलंत तर राउटरला छोटा यूपीएस लावा. पावसाळ्यात फांदी पडली की खांबावरची फायबर तुटते, ते वेगळंच.

थेम्सकाठी

थोडं अवांतर, पण आमच्यासारखे बरेच जण वाचत असतील. परदेशात राहून भारतातला नंबर बँकेसाठी जिवंत ठेवणाऱ्यांनी, पोर्ट करायचा असेल तर सुट्टीत भारतात असतानाच करावा. केवायसीला माणूस समोर लागतो. आणि इकडे यायच्या आधी नव्या सिमवर रोमिंग चालू आहे का आणि बँकेचा मेसेज येतो का, हे तिथेच बघून घ्यावं. विमानात बसल्यावर आठवून काही उपयोग नाही.

जांभा_दगड

अपडेट देतो.

वायरमन आला होता घरी, त्याच्याकडे बीएसएनएलचं फोरजी सिम होतं. बाबांनी त्याला चहा पाजून ते स्वतःच्या फोनात घालून घेतलं. माजघरात दोन काड्या, पडवीत तीन, स्वयंपाकघरात कॉल एकदा तुटला. शेजारच्या काकूंचं खासगी सिमही घालून बघितलं, ते फक्त पडवीत. डोंगरावरचा टॉवर ‘दिसतो म्हणजे पोचतो’, बाबांचा विजय झालाय आणि ते मला दर फोनला ऐकवतात.

तर ठरलं, बीएसएनएल, सर्कल बदलून. आता बिलाचं काय करू? चालू महिन्याचं बिल अजून निघायचंय.

माजी_लाइनमन

जेवढं निघालंय आणि ज्याची मुदत संपलीय तेवढं भरलेलं हवं, तरच कोड येईल. मग पोर्ट होईपर्यंतच्या दिवसांचं शेवटचं बिल नंतर येतं. ते मात्र विसरू नका. लोकांना वाटतं कंपनी सुटली, आता कोण विचारतंय. जुनी कंपनी थकबाकीची तक्रार नव्या कंपनीकडे पाठवते आणि नंबर बंद होऊ शकतो. चांगला चाललेला नंबर अचानक बंद, आणि कारण दोन-तीनशे रुपये. ऑटोपे असेल तर ते शेवटचं बिल जाईपर्यंत काढू नका.

बाबांना प्रीपेड व्हायचं असेल तर पोर्ट करतानाच तसं सांगा, चालतं.

मिरची_भजी

आणि दिवस नीट निवडा. सिलिंडर बुक केलाय, बँकेत काही काम काढलंय, अशा आठवड्यात नको. नवं सिम चालू झाल्यावर यूपीआयची अ‍ॅप्स बहुतेक पुन्हा पडताळणी मागतात, फोनमधून आपोआप एक मेसेज जातो. बाबा घाबरतील. कुणीतरी जवळ असावं. बाकी बँक, आधार, गॅस, कुठेच काही कळवायचं नाही, नंबर तोच आहे.

कोड कुणालाही सांगायचा नाही हेही पक्कं बजावा. ‘कंपनीतून बोलतोय, पोर्टचा कोड सांगा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा. तो कोड फक्त दुकानात, समोरच्या माणसाला.

कट्टर_ग्राहक

आणि जुन्या कंपनीने खोटी कारणं देऊन अडवलं तर थेट ट्रायला मेल टाका. ठणकावून.

सदाशिव_पेठी

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या १९८ वर तक्रार, तिचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवायचा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे तीस दिवसांत अपील, फुकट असतं. चुकीच्या कारणाने पोर्ट नाकारलं तर कंपनीला दंडाची तरतूद आहे, म्हणून कारण लेखी मागा, तोंडी नको. बहुतेकदा लेखी म्हटलं की गाडी हलते.

जांभा_दगड

शेवटचं अपडेट. बाबांनी स्टँडवरून मेसेज टाकला, कोड लगेच आला. जुन्या कंपनीचे फोन आले, बाबांनी त्या मुलीला आपल्या वाडीचा भूगोल समजावून सांगितला आणि तुमचा टॉवर कुठे लावावा तेही सुचवलं. तिने परत फोन केला नाही. केंद्रावरच्या बाईंनी सिम हातात देतानाच फोरजीचं आहे ना ते दाखवलं. मधे एक सुट्टी आल्याने थोडं लांबलं, पण झालं. मी शनिवारी गावी जाऊन यूपीआय करून दिलं. बँकेचा ओटीपी माजघरात आला. दुधाची पिशवी अजून गजालाच आहे, आईचा फोन तिच्यात गेलाय. तिचा टूजी फोन नव्या सिमवर घरात नीट चालतो का ते बघून तिचंही करू, आधी नंबर तिच्या नावावर.

आता लागलंच आहे तर मुलुंडच्या घरचं ब्रॉडबँडही बदलायचंय. ते पण असंच पोर्ट होतं का? नवा धागा काढू?

मीटर_चालू

इथेच घ्या. ब्रॉडबँडला आणि लँडलाइनला पोर्टिंग नाही, नवं जोडणं आणि जुनं तोडणं एवढंच. म्हणून आधी नवं घ्या, चालू करा, दोन्ही आठवडाभर चालू द्या, संध्याकाळी सगळी बिल्डिंग ऑनलाइन असताना वेग बघा, मग जुनं बंद करा. लँडलाइनचा नंबर कुठे दिला असेल तर तो जाईल, तेवढं आधी बदला. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा. सहा महिने, वर्ष असं आगाऊ घेतात, पहिल्यांदा महिन्याचंच मागा. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुठल्या कंपनीचा माणूस तक्रार केल्यावर प्रत्यक्ष येतो, हे वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आणि जुना राउटर परत देताना त्याच्यावरचा सिरीयल नंबर घातलेली पावती घ्या, डिपॉझिट त्यावरच परत मिळतं.